अंगणातला मांडव आणि रानातली मेढ

होळी झाली की तुमच्या गटांकडून आमच्याकडं एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. दारापुढं सावली करायची आहे, पैसे थोडे आहेत, आणि जे उभं करू ते चार माणसांत दिसायलाही बरं हवं. कुणी विचारतं पत्रा घालू का, कुणी विचारतं हिरवी जाळी किती टिकते, कुणी म्हणतं मुलीचं लग्न आहे, मंडपवाल्याचा आकडा ऐकून झोप उडाली. आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर जरा मागं जाऊन देणार आहोत. कमी खर्चातली आणि देखणी सावली हे काही आज निघालेलं खूळ नाही. सिद्धगडाच्या अवतीभवती, मुरबाड आणि शहापूरच्या वाड्यापाड्यांवर ती दरवर्षी उभी राहत होती. मग ती महाग कधी झाली आणि कुणी केली, हे समजून घेतलं तर पुढचा हिशेब सोपा जाईल.

आधी उन्हाचं पाहू. आपण साधारण १९ अक्षांशावर राहतो. म्हणून मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. जुलैच्या शेवटी असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून कळत नाही. याचा अर्थ असा, की एप्रिल-मेच्या दुपारी घराच्या भिंतीची सावली अंगणात पडतच नाही. भिंत कितीही उंच असो, काही उपयोग नाही. डोक्यावर काहीतरी हवंच. आणि दुपार कलली की पश्चिमेचं ऊन तिरकं होऊन थेट ओटीवर येतं. तेव्हा वर छत आणि पश्चिमेला आडोसा, एवढी दोनच कामं सावलीला करायची असतात. ज्या बाईनं पहिल्यांदा अंगणात चार मेढी रोवल्या, तिला अक्षांश माहीत नव्हता, पण हे माहीत होतं.

आपल्या भागातली सर्वांत जुनी, अजून उभी असलेली सावली पाहायची तर नाणेघाटात जावं लागतं. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं वैशाखऱ्याच्या पुढं गेलं की जुनी वाट वर चढते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून जुन्नरकडं माल नेणारे तांडे याच वाटेनं जायचे. घाटाच्या माथ्यावर कातळात एक मोठी खोली कोरलेली आहे, समोरून उघडी, आत बसायला ओटे. त्या खोलीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो सातवाहन घराण्यातल्या राणीचा, नागनिकेचा, असं अभ्यासक मानतात आणि त्याला दोन हजार वर्षं झाली. लेखात यज्ञ आहेत, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी आहेत. तिथं राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही कोरलेल्या होत्या. त्या आता गेल्या, वरची नावं तेवढी राहिली. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात.

आम्हांला त्या लेण्यापुढं उभं राहिलं की एक गोष्ट जाणवते. दगडातली सावली टिकली म्हणून तिचा इतिहास लिहिला गेला. आपली अंगणातली सावली दर पावसाळ्याआधी मोडली जायची, म्हणून तिचा लिहिला गेला नाही. पण पाठीवर ओझं घेऊन घाट चढणारी बाई घरी येऊन बसायची ती मांडवाखालीच.

तर मांडव. तो कसा बांधायचे ते आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना हातानं येतं, तोंडानं सांगताना अडखळतात. आम्ही जमेल तसं सांगतो.

भाताची झोडणी झाली, खळं मोकळं झालं, की मांडवाची वेळ. म्हणजे दिवाळीनंतर. आधी मेढी. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दोन फाटे फुटलेला खांब, त्या फाट्यांत आडवा वासा बसतो आणि खिळ्याची गरज लागत नाही. दहा-बारा फुटांच्या मांडवाला सहा मेढी पुरतात. खड्डा दीड हात खोल. मेढीचा जमिनीत जाणारा भाग आधी जाळावर शेकून काळा करून घ्यायचा. कोळसा झालेल्या लाकडाला वाळवी लवकर लागत नाही आणि ओलही कमी धरते. मेढींवर वासे, वाशांवर बांबूच्या चिव्या, त्यावर कारवीच्या काठ्या आडव्या-उभ्या. बांधायला सुंभ, नाहीतर झाडाच्या सालीचे ओले बंध. ओली साल वाळली की आवळते, गाठ आणखी घट्ट होते. नायलॉनच्या दोरीचं नेमकं उलटं, ती उन्हानं कडक होऊन तुटते.

आणि वर काय घालायचं? इथं आपल्या बायांचं खरं डोकं दिसतं. वर भाताचा पेंढा रचायचा. पेंढा खाली ठेवला तर गुरं तुडवतात, उंदीर शिरतात, जमिनीची ओल लागते. मांडवावर ठेवला तर वैरण सुरक्षित राहते आणि खाली सहा महिने सावली मिळते. जाड पेंढ्यातून ऊनही खाली येत नाही आणि तापही येत नाही, कारण काड्यांच्या मधे हवा कोंडलेली असते. उन्हाळाभर गुरांना वरून थोडा थोडा पेंढा काढून घालायचा. मृगाच्या आधी उरलेला उतरवून आत घ्यायचा. मेढी सोडून बाकी सगळं मोडायचं. वर डहाळ्या घातल्या असतील तर त्यांचा वाळका पाला भाताच्या दाढेवर राबाला जायचा, तिथं भाजणी व्हायची आणि त्याच राखेत रोपं यायची. म्हणजे जी डहाळी फाल्गुनात सावली देत होती, ती जेष्ठात भाताच्या मुळाशी गेली. फुकट काही गेलं नाही, विकत काही आणलं नाही.

मांडवाखाली काय काय चालायचं ते तुम्हांला सांगायला नको. दळण निवडणं, नाचणी पाखडणं, पापड-कुरडया, वालाच्या शेंगा सोलणं, मोहाची फुलं वाळत घालण्याआधी साफ करणं, तान्ह्याची झोळी बांधणं, बाळंतिणीला दुपारी टेकायला जागा. रात्री पुरुष आणि पोरं तिथंच झोपायची. घरातली सर्वांत मोठी खोली म्हणजे हा मांडव, आणि त्यात दिवसभर राबणारी बाईच.

पावसाळ्यात मांडवाचं दुसरं रूप. त्याच मेढींवर नुसत्या काठ्यांची जाळी ठेवायची आणि काकडी, घोसाळं, दोडका, कारलं वर सोडायचं. वेल मांडवाला चढला म्हणजे काम मार्गी लागलं, असं आपण बोलतो ते यातूनच आलं. आणि शेतात आवणीला जाताना डोक्यावर घ्यायचं इरलं, तेही एक फिरतं छतच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मधे पळसाची पानं दाबून बसवलेली, दोन्ही हात चिखलात मोकळे. छत्रीनं हे कधी साधलेलं नाही.

आता लग्नाचा मांडव. तो वेगळा, कारण तो देवाचा आणि गावाचा असतो. पहिली मेढ मुहूर्त पाहून रोवायची, तिला उंबराची डहाळी, हळद-कुंकू. हीच मुहूर्तमेढ. आता पेपरात छापून येतं, अमुक पुलाची मुहूर्तमेढ रोवली. पुलाला कसली आली मेढ! पण शब्द आपल्या अंगणातून तिथवर गेला हे खरं. मग मांडवडहाळे. गावातली माणसं वाजतगाजत रानात जाऊन आंबा, उंबर, जांभळाच्या डहाळ्या आणायची. जांभळाचा पाला दाट आणि चकचकीत, तोडल्यावरही हिरवा राहतो, लगेच कोमेजत नाही. म्हणून वर जांभूळ आणि दाराला आंब्याचं तोरण, ही निवड नुसती रीत म्हणून झालेली नाही. खाली जमीन शेणानं सारवलेली, कडेनं तांदळाच्या पिठाची रेघ. वारली घरांत सवाष्ण बायका भिंतीवर चौक लिहितात आणि लग्न लावायला धवलेरी येते, म्हणजे बाईच. आगरी लग्नात मांडवात धवला म्हणणारी धवलारीण असते, तीही बाई. मांडव बांधायला पुरुष, पण मांडवाला मांडवपण आणायला बाया. आज ज्याला डेकोरेशन म्हणतात ते सगळं यात होतं, आणि त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नव्हते. मांडव घालायला आलेल्यांना जेवण द्यायचं. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी आपण जायचं. एवढाच व्यवहार.

मग हे बिघडलं कुठं?

पहिला घाव रानावर पडला. १८७८ साली इंग्रज सरकारनं वन कायदा केला. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशी वाटणी झाली. साग तर आधीपासून सरकारचा होता, आता डहाळी तोडायलाही विचारावं लागू लागलं. आपल्या ठाणे जिल्ह्यात यावरून मोठी ओरड झाली, कारण इथली भातशेतीच राबावर उभी होती. राबाला टहाळ हवा, टहाळ रानातून आणायचा, आणि रान बंद. भातखाचराच्या जोडीला जी वरकस जमीन असायची, तिच्यावरच्या झाडांचं काय करायचं यावरही वाद. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यामुळं शेतकऱ्याची गुरं-ढोरं आणि जळण कसं अडलं ते मांडलं आहे. शेवटी १८८५ साली मुंबई सरकारला जंगलाच्या प्रश्नावर आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला आणि त्यात ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी मुख्य होत्या. पुढं काही सवलती मिळाल्या. पण एक गोष्ट कायमची बदलली. जी डहाळी आजवर आपलीच म्हणून आणत होतो, ती आता कुणाच्या तरी परवानगीची झाली. रानात कोयता घेऊन जाणारी बाई चोर ठरू शकत होती, आणि हातची मोळी सोडवायची तर कोंबडी किंवा अंडी द्यावी लागायची, ही आठवण अजून घरोघरी आहे.

याच रानानं १९४२ साली माणसंही सांभाळली. बाहेरच्या जगाला सिद्धगड माहीत आहे तो त्यामुळं. माथेरानचे भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा आझाद दस्ता मुंबईकडं जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ ला पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलातला मुक्काम घेरला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तिथं हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला तिथं माणसं जमतात, तुमच्यातल्याही कितीतरी जणी जातात. हुतात्म्यांच्या कथेत एक गोष्ट सहसा सांगायची राहते. ज्या झाडीनं त्यांना आडोसा दिला, तिच्यातली एक मेढ तोडायचा हक्क तेव्हा तिच्या सावलीत राहणाऱ्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी घरांना नव्हता. स्वातंत्र्य आल्यावरही १९२७ चा वन कायदा तसाच राहिला.

दुसरा घाव कर्जाचा, आणि तो लग्नाच्या मांडवातूनच आला. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-उंबरगावकडं, लग्नगडी म्हणून पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे रुपये आणि धान्य घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचं. ते फिटायचंच नाही. एकटा नवरा नाही, नवी नवरीही त्या राबण्यात धरलेली. म्हणजे मांडवाखालून निघाली ती थेट सावकाराच्या शेतावर. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहिलं आहे. १९४५ पासून वारल्यांनी लाल बावट्याखाली लढा दिला, वेठ आणि लग्नगडी मोडून काढले. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९७६ चा. पण वीटभट्टीची उचल अजून घेतली जाते, आणि कशासाठी घेतली असं विचारलं तर आजारपणाच्या खालोखाल उत्तर येतं, लग्नासाठी. मंडप, खुर्च्या, बॅंजो. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. दोन्हींत माणूस बुडतो, आणि दोन्हींच्या दारात मांडव असतो.

तिसरी गोष्ट घाव म्हणता येणार नाही, पण तिनंही जुना मांडव हटवला. ती म्हणजे विकतचं छप्पर. आधी कुंभाराची नळीची कौलं होती. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला आणि ती सपाट मंगलोरी कौलं गलबतांतून कोकणभर आली. मग पत्रा आला. मग ताडपत्री. हा शब्द ऐकून वाटतं ताडाच्या पानाचा आहे, पण तो इंग्रजीतला टारपॉलिन. आपल्या तोंडात बसता बसता ताडपत्री झाला. आम्हांला तो शब्द आवडतो, वस्तू तेवढी आवडत नाही. खाली बसलं की वाफेत बसल्यासारखं होतं.

पत्र्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पत्र्यानं बाईची दरवर्षीची शाकारणी वाचवली, पावसात गळणाऱ्या घराची रात्रभरची झोप परत दिली. पण अंगणातल्या सावलीला पत्रा घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो पातळ असतो, तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर ती धग टाकतो. ज्यांनी घातलाच आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, वरून पांढरा रंग किंवा चुना. अहमदाबादेत महिला हाउसिंग सेवा ट्रस्टच्या बायांनी झोपडवस्त्यांतल्या पत्र्यांवर पांढरा रंग लावायचं काम केलं आहे. पांढरं ऊन परतवतं, काळं-गंजलेलं पिऊन घेतं, साधी गोष्ट. दोन, पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा जुन्या साडीचं छत ताणा, मधून वारा खेळू द्या. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो कापायला, फोडायला, भोकं पाडायला जाऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, ती धूळ छातीला वाईट.

साडीचा विषय निघालाच आहे. पूर्वीही कपड्याचं छत होतं. जुनी लुगडी काठाला काठ जोडून मांडवाखाली आतून बांधायची, म्हणजे वरचा पेंढ्याचा कचरा ताटात पडत नाही. मंडपवाल्याचं चुणीदार कापड हे त्याचंच मोठं भावंड. हिशेब करून पाहा. पाचवारी साडी सुमारे १८ फूट लांब आणि साडेतीन फुटांहून थोडी जास्त रुंद. तीन साड्या जोडल्या की साधारण दहा-अकरा फूट रुंद आणि १८ फूट लांब छत झालं. नऊवारी असेल तर लांबी २७ फुटांवर जाते. सुती लुगडं सावली थंड देतं पण एका उन्हाळ्यात विरतं. सिंथेटिक साडी जास्त टिकते. दोन्ही वापरायच्या तर सिंथेटिक वर, सुती खाली. रंगाचं म्हणाल तर वर फिकट, खाली तुमच्या मनाचा. काठ एका रेषेत आले की ते छत फार देखणं दिसतं, गोधडी शिवणारीला हे सांगावं लागत नाही. पाऊस येण्याचा अंदाज असेल तर छताला एका बाजूनं उतार द्या, नाहीतर पाणी साचून पोट सुटतं आणि मेढी आत ओढल्या जातात.

हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट, चांगली चीज आहे. तिच्यावर ५०, ७५ असे आकडे असतात, ते किती टक्के ऊन अडतं त्याचे. माणसांना बसायला ७५ ची घ्या, रोपांना ५० ची. जाळीला भोकं असतात म्हणून वळवाच्या वाऱ्यात ती ताडपत्रीसारखी शीड होऊन उडत नाही. पण एकटीनं घेऊ नका. गटानं किंवा ग्रामसंघानं एक मोठा तुकडा, सहा-आठ पाइप आणि दोऱ्या घेतल्या, साड्यांची दोन छतं शिवून ठेवली, तर वाडीतल्या बारशापासून तेराव्यापर्यंत ती फिरतील. पूर्वी डहाळ्या आणणारी माणसं सगळ्यांची होती, आता सामान सगळ्यांचं ठेवता येतं. वापरणाऱ्या घराकडून थोडी रक्कम घ्या, ती दुरुस्तीला राहू द्या. वहीत लिहा, कुणाकडं आहे ते. हे वहीचं आम्ही हसत सांगत नाही. वही नसेल तर पाइप पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी गोठ्याला लागतात.

वेलाच्या मांडवाबद्दल सगळ्या विचारतात, कारण तो दिसतो सुंदर. उन्हाळ्यात सावली हवी तर दुधी, दोडका, कारलं जानेवारी-फेब्रुवारीत लावावं लागतं, आणि रोज पाणी द्यावं लागतं. भांड्यांचं, धुण्याचं पाणी चालतं, फार साबणाचं नको. तोंडली एकदा लावली की वर्षानुवर्षं चालते. पण शहापूरच्या ज्या वाड्यांवर एप्रिलपासून टॅंकरची वाट पाहावी लागते, तिथल्या बाईला आम्ही वेल लावा कसं सांगणार? तानसा आणि भातसाचं पाणी आपल्याच तालुक्यातून मुंबईला जातं आणि आपण हंडा घेऊन उभ्या. अशा ठिकाणी पेंढ्याचा मांडवच बरा, त्याला थेंबभर पाणी लागत नाही. फक्त तो चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून लांब हवा. होळीच्या रात्री त्याच्यावर एक नजर ठेवावी, ठिणगी उडते.

आता राहिली मेढ. ती आणायची कुठून? सिद्धगडाचा परिसर १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात आहे, तिथं कोयता चालवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. पण दोन कायदे आपल्या बाजूचे आहेत, ते माहीत हवेत. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू होतो. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तिथं गौण वनोपजावर गावाचा हक्क आहे आणि कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरलेला आहे. आपल्या गावाचा सामूहिक दावा झाला आहे का, मंजूर क्षेत्र किती, नियम काय ठरलेत, हे ग्रामसभेत विचारा. पुरुष विचारतील म्हणून थांबू नका. त्या कायद्याखालच्या समित्यांत बायांच्या जागा ठेवलेल्या आहेत, त्या सहीपुरत्या नाहीत.

दुसरा बदल त्याहून अलीकडचा. १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड धरलं होतं. खरं तर बांबू म्हणजे गवत. पण कायद्यानं झाड म्हटल्यामुळं स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडून न्यायलाही परवान्याची भानगड होती. २०१७ च्या शेवटी ही व्याख्या बदलली. जंगलाबाहेर, आपल्या जमिनीवर लावलेला बांबू आता त्या कायद्याखाली झाड नाही. १८७८ पासून जी मेढ परक्याची झाली होती, ती निदान बांधावर तरी आपली झाली.

म्हणून या पावसाळ्यात गटातल्या प्रत्येकीनं बांधावर दोन-चार बांबू लावावेत. कोकणात माणगा चांगला येतो. त्याला काटे नसतात आणि आतून जवळजवळ भरीव असतो, मेढीला आणि वाशाला दोन्हीला चालतो. चौथ्या-पाचव्या वर्षापासून बेटातून काठ्या मिळू लागतात. तीन वर्षांची झालेली काठीच तोडावी, कोवळी तोडली तर किडते. तोड पाऊस संपल्यावर, थंडीत करावी. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवाव्यात, म्हणजे आतलं गोड सत्त्व धुऊन जातं आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत उभ्या करून वाळवाव्यात. बुडं शेकायला विसरू नका.

काठ्या हाती येईपर्यंतची चार-पाच वर्षं पाइप आणि साड्यांवर निघतील. साड्या जोडताना दोन ओळींची शिवण घाला आणि कडेला दर दोन हातांवर जाड कापडाची पट्टी लावून त्यात दोरी ओवायची भोकं ठेवा. ज्या गटाकडं शिलाई मशीन नाही, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत शेजारच्या गटाला विचारावं, एका दुपारचं काम आहे.